भोंग्याचं ‘घेतलं’

त्या हॉटेलात वेटरने भटारखान्याच्या खिडकीतून ऑर्डर ओरडून सांगायची आणि आतून आचाऱ्याने एकच शब्द ओरडायचा, ‘घेतलं!’ तो शब्द ऐकला की वेटरने पाठ फिरवायची. पुन्हा विचारायला यायचं नाही. ज्याने ‘घेतलं’ म्हटलं त्याने ते करायचंच, मग वर छप्पर का कोसळेना. मोठा आचारी हा शब्द असा खणखणीत ओरडायचा की दारापाशी बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातातला चमचा थबकायचा. म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. मालक म्हणत, बायकोही म्हणे. तिचं लाडाने असे की वैतागून, ते त्या दिवसावर अवलंबून.

भोंग्याला या नावाचा कोण अभिमान! वेटरांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टनताई नव्या पोरांना सांगायच्या, “भोंग्याने घेतलं म्हटलं ना, की ताट टेबलावर पोचलंच असं समजा.” हे ऐकून तो उगाच पातेल्यात डोकं घालायचा, पण मिशीतल्या मिशीत हसायचा.

आता अशा माणसाचं काही बिनसलंय हे लक्षात यावं तरी कुणाच्या? काम तर चोख चाललं होतं. कांदा परतताना तो गुणगुणायचा, ते तेवढं बंद झालं. भांडी आदळायला लागला. कुणी सूप परत पाठवलं तर पूर्वी हसून दुसरं द्यायचा, आता त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. सोमवारी सुट्टी असायची, तर दिवसभर कॉटवर पडून भिंतीकडे बघत राहायचा आणि संध्याकाळी म्हणायचा, झोप झाली नाही. बायको म्हणाली, “एकदा डॉक्टरकडे जाऊन ये.” तर म्हणे, “मला काय धाड भरलीय?” धाडच भरली होती, पण ती दिसणारी नव्हती.

मग घरातही ‘घेतलं’ सुरू झालं. गॅस संपत आलाय, घेतलं. नळ गळतोय, घेतलं. आईला बरं नाही, मी दोन दिवस तिच्याकडे जाऊन येते, घेतलं. सुरुवातीला सगळ्यांना हसू यायचं. मुलगी कमरेवर हात ठेवून त्याची हुबेहूब नक्कल करायची.

ही मुलगी पोहायला शिकत होती. तलावावर एक उंच फळी होती आणि सरांचा नियम होता की तिच्यावरून पहिला सूर मारायचा तर आई नाहीतर वडील काठावर हजर पाहिजेत. आई तेव्हा आजारी आजीकडे जाणार होती. म्हणून ती निघायच्या सकाळी मुलगी बापासमोर उभी राहिली. “बाबा, गुरुवारी दुपारी चार वाजता तलावावर ये. तू नसलास तर सर मला वर चढू देणार नाहीत.”

भोंगा बुटाची नाडी बांधत होता. “घेतलं,” तो म्हणाला.

बरं, दुपारची जेवणं उरकली की संध्याकाळपर्यंत हॉटेल बंदच असतं, म्हणजे सबबही नाही. गुरुवारी चार वाजता हा गृहस्थ कोठीत बटाट्याच्या पोत्यांवर उताणा पडून छताकडे बघत होता. आणि तिकडे पोरगी अंगाभोवती टॉवेल गुंडाळून पायरीवर बसली आणि बाकीच्यांचे सूर मोजत राहिली.

घरी येऊन ती रडली नाही, रुसलीही नाही. तिने फक्त बापाला काही सांगणं बंद केलं. जेवताना तो समोर बसलेला असला तरी तिचं सगळं बोलणं आईशी. खरी चीड येते ती याची की कित्येक दिवस हे त्याला कळलंसुद्धा नाही. शेवटी बायकोनेच विषय काढला, तेव्हा तो उसळून म्हणाला, “मला कधी सांगितलं होतं तिने?”

“तू घेतलं म्हणालास. मी तिथेच पिशवी भरत होते.”

“शक्य नाही!” शप्पथ घ्यायला तयार होता. बायको वाद घालत बसली नाही. तिने दिवा मालवला आणि कूस बदलली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी हॉटेल गच्च भरलं होतं. चारही शेगड्या पेटलेल्या, खिडकीशी वेटरांची रांग. आणि त्या गर्दीत कॅप्टनताई खिडकीशी आल्या. पुन्हा विचारायला म्हणून त्या कधीच येत नसत.

“भोंग्या, सहा नंबरचं काय झालं?”

“कुठलं सहा नंबर?”

“दोन मासे, एक सूप. मघाशीच सांगितलं की.”

त्याने शेगडीकडे पाहिलं. तवा कोरडा. मासे बर्फावर जसेच्या तसे. भाजी चिरणारा मदतनीस सुरी थांबवून हळूच म्हणाला, “मोठे आचारी, तुम्ही घेतलं म्हणालात. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.”

सगळ्यांनी ऐकलं होतं, एक त्यानेच तेवढं नव्हतं. भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. सहा नंबरची माणसं उठून गेली होती, पण त्याला त्यांची फिकीर नव्हती. ‘मी तिथेच पिशवी भरत होते’ हे बायकोचं वाक्य त्याच्या कानात वाजत होतं. म्हणजे पोरीने खरंच सांगितलं होतं. म्हणजे हे ‘घेतलं’ नुसता घसा म्हणतोय आणि आत कुणी ऐकायलाच नाही. त्याने उलथनं खाली ठेवलं.

कॅप्टनताईंनी दुसऱ्या आचाऱ्याला शेगडीवर उभं केलं आणि याला दंडाला धरून मागच्या दारी नेलं. दोघं भाजीच्या उलट्या क्रेटवर बसले.

“जरा थकलोय ताई. होईल ठीक.”

“थकलेला माणूस झोपला की ताजा होतो. तू झोपून उठतोस तो तसाच उठतोस, मी बघते ना रोज.” त्या गुडघे चोळत होत्या. “मलाही झालं होतं हे. सख्खा भाऊ घरी आला. दार उघडलं, अशी गोड हसले, आणि विचारलं, किती जण आहात?”

भोंग्याला हसू फुटलं. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि मग काही केल्या वाहायचे थांबेनात. ताईंनी त्याला डोळे पुसू दिले.

“रिकामं पातेलं जाळावर ठेवलं तर काय होतं, हे मी तुला सांगायचं का?”

“करपतं.”

“मग उतरव की, बाबा.”

मालकांनी आधी नाक मुरडलं. ऐन हंगामात रजा? कॅप्टनताई म्हणाल्या, “हा कायमचा गेला तर गिऱ्हाइकं काय तुमचं तोंड बघायला येणार आहेत?” मालकांनी आरशात पाहिलं असावं, कारण रजा मिळाली, आणि पगारी मिळाली.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्त तपासलं, आणि मग विचारलं, “जेवता कधी?” आयुष्य लोकांना जेवू घालण्यात गेलेल्या या माणसाला उत्तर देता येईना. उभ्या उभ्या पातेल्यातलं खरवडून खायचा, त्याला जेवण म्हणावं का? बाई म्हणाल्या, हा आळस नाही आणि भित्रेपणाही नाही. वर्षानुवर्षं नुसतं देत राहिलात, आत काही येऊच दिलं नाहीत. सावकाश घ्या, आणि मन मोकळं करायला माझ्याकडे येत राहा.

रजा म्हणजे काही जादू नव्हती. पहिले दिवस तो नुसता झोपला, मग आपण बिनकामाचे झालो म्हणून चिडचिड केली. एकदा घरच्या ओट्यावर उगाच कांदा परतायला घेतला आणि परतता परतता बारीक आवाजात गुणगुणला. बायको शिवणाच्या यंत्रावर होती. तिने पाय थांबवला आणि ऐकत राहिली. तिला फार बरं वाटलं.

परत गेल्यावर भोंग्याने दोन गोष्टी लावून धरल्या. हॉटेल उघडण्याआधी भटारखान्यातल्या सगळ्यांनी बसून जेवायचं. आणि ‘घेतलं’च्या जोडीला आणखी एक शब्द, ‘थांब!’ हातात काम मावत नसेल तर आचाऱ्याने थांब म्हणायचं आणि वेटरने थांबायचं. पहिले काही दिवस कुणाची जीभ रेटेना. मग एका गर्दीच्या दुपारी खुद्द भोंग्यानेच आरोळी ठोकली, “थांब!” दारापाशी एकाचा चमचा पडला, बाकी जग जागच्या जागी राहिलं.

घरी मात्र पोरगी अजून आईशीच बोलत होती. त्याने तिची माफी मागितली होती. तिने “बरं” म्हटलं होतं, इतकंच. माफीने तिचं काय होणार? पुन्हा सांगावं आणि पुन्हा टॉवेल गुंडाळून बसावं लागलं तर? भोंग्याला याचीच धास्ती होती, की आपण बरे झालो तोवर पोरगी हातची गेली.

एका सकाळी न्याहारीला ती आईला म्हणाली, “शनिवारी पुन्हा उंच फळी आहे.”

“अगं, शनिवारी माझ्याकडे शिवलेले कपडे न्यायला माणसं येणार आहेत,” आई म्हणाली.

भोंग्याने पाव ताटलीत ठेवला. “मला सांग. पुन्हा एकदा, नीट.”

मुलीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सांगितलं. शनिवार, चार वाजता, आई नाहीतर बाबा. ‘घेतलं’ अगदी घशाशी आलं होतं. त्याने ते गिळलं आणि विचार केला.

“शनिवारी नाही जमणार, बाळा. हॉटेलात मोठी पार्टी आहे. दुपारपासून शेगडी सोडता येणार नाही.”

आईने डोळे मिटले. झालं, तिला वाटलं. पण पोरगी खुर्चीतून अर्धी उठली होती आणि तिचा चेहरा उजळला होता.

“तू ऐकलंस!”

“ऐकलं ना. म्हणून तर नाही म्हणतोय. सोमवारी सर वर चढू देतील का? विचार. सोमवारी मी मोकळा आहे.”

“विचारते. देतील ते.” मग एकदम डोळे बारीक करून म्हणाली, “काय ठरलं, सांग बघू?”

“सोमवार. चार वाजता. उंच फळी. मी काठावर.”

“बरोबर,” ती म्हणाली, आणि त्याच्या ताटलीतला पाव उचलून खायला लागली.