दारातले सेक्रेटरी

आमच्या दोह्याच्या मराठी मंडळात आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याचं भाषण सेक्रेटरींनी घडवून आणलं आणि त्यातलं एकही त्यांनी पूर्ण ऐकलं नाही. ते दारात उभे असायचे. बाहेर अंग भाजून काढणारा जून असो की जानेवारीतलं गार वारं, अंगात तोच करडा कोट, छातीवर मंडळाचा बिल्ला, एक पाय हॉटेलच्या हॉलमध्ये आणि एक लॉबीत. दार आपटू नये म्हणून निमंत्रणपत्रिकेची घडी करून ते दाराखाली सरकवून ठेवायचे. पाहुणा रंगात आला की नेमकं कुणीतरी उशिरा टपकायचं आणि सेक्रेटरी बाहेर जायचे. परत येईपर्यंत विनोद होऊन गेलेला असायचा. मग लोक कशाला हसताहेत हे ठाऊक नसताना तेही हसायचे, यजमानाने हसलं पाहिजे म्हणून.

त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. एक-दोन वर्षं ते मंडळाचे अध्यक्ष होते, तेव्हाही आम्ही त्यांना सेक्रेटरीच म्हणत होतो. काकू, म्हणजे त्यांची बायको, फोनवर सांगायच्या, "सेक्रेटरी आंघोळीला गेलेत, नंतर करा." एका कंपनीच्या खरेदी विभागात ते नोकरीला होते. तिथे ते काय करत हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, कारण भेटले की बोलणं मंडळाचंच.

मी लग्न होऊन दोह्याला आले ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. सासर कराडचं आणि सेक्रेटरीही कराडचे, तेवढ्या भांडवलावर पहिल्याच भेटीत त्यांनी मला सूनबाई करून टाकलं आणि दुसऱ्या भेटीत हातात माईक दिला. "आवाज बरा आहे," ते म्हणाले. "पण सुस्वागतम् दोनदा म्हणायचं नाही. एकदा म्हटलं तरी लोक आलेलेच असतात." माझ्या घरात माझ्या मतांना फारशी किंमत नव्हती त्या दिवसांत. अशा वेळी दोनशे माणसांसमोर मला उभं करणारा हा माणूस मला सासरच्या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटायला लागला, यात नवल नाही.

जेवणाच्या बाबतीत ते कर्दनकाळ होते. आधी भाषण, मग आभार, मग जेवण. बुफेच्या टेबलावर वाफा धरलेली भांडी ओळीने मांडलेली असायची, पण आभार संपेपर्यंत एकाही झाकणाला हात लागता कामा नये. एकदा आमच्या एका खजिनदारांनी पोराला भूक लागली म्हणून हळूच पुलावाचं झाकण उचललं. सेक्रेटरींनी दारातून डोळे वटारले आणि त्या माणसाने ते असं खाली ठेवलं की ताशासारखा आवाज झाला. व्यासपीठावरचा पाहुणा दचकून थांबला. "झाकण उघडलं की भाषण खलास," सेक्रेटरी सांगायचे. "पुण्याहून माणूस बोलावतो आपण. पुरीभाजी काय, घरीही मिळते."

त्यांना पाहुण्यांचं एवढं वेड का, हे मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी त्यांच्या शाळेतल्या मराठीच्या सरांची गोष्ट सांगितली. सेक्रेटरी लहानपणी अडखळत बोलायचे. वर्गात मुलं खो-खो हसायची. सरांनी त्यांना कधी धडा वाचायला लावलं नाही. त्याऐवजी शाळेत कुणी वक्ता येणार असला की त्याला स्टँडवरून आणायचं काम त्यांच्याकडे दिलं. "सर म्हणाले, तू बोलू नकोस, तू बोलणारी माणसं आण. तेच करतोय तेव्हापासून." सर पुढे स्वतः व्याख्याते म्हणून नावारूपाला आले. त्यांना दोह्याला आणायचं हे सेक्रेटरींचं एकच स्वप्न होतं. दरवर्षी पत्र जायचं, दरवर्षी सर प्रकृतीचं कारण कळवायचे. "सर येतील त्या दिवशी दारात दुसऱ्याला उभा करा," सेक्रेटरी म्हणायचे. "मी पहिल्या रांगेत बसणार. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत ऐकणार. आग लागली तरी उठणार नाही."

इथवर लिहिलं ते सगळं गोड आहे. आता त्यांनी केलेल्या नियमाबद्दल लिहायला हवं.

कतारमध्ये बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. गावाकडे बायको आणि तीन लेकरं असलेला वेल्डरही तिथे बॅचलरच. तो कामगारांच्या कॅम्पवर राहतो, शुक्रवारी मॉलच्या दारातून त्याला परत पाठवतात. आमच्या मंडळात सुरुवातीला सगळेच यायचे. दोह्याबाहेरच्या मेसईदच्या कारखान्यांतून फिटर, वेल्डर, ड्रायव्हर बसने यायचे, मागच्या रांगांत बसायचे आणि टाळ्या सगळ्यांत जोरात वाजवायचे. मग काही बायकांनी तक्रार केली की ही माणसं टक लावून बघतात. हॉटेलवाल्यांनीही नाक मुरडलं. कमिटीत ठराव आला की कार्यक्रम फक्त फॅमिलींसाठी. ठराव मांडला सेक्रेटरींनी. "आपण या देशात पाहुणे आहोत," ते म्हणाले. "पाहुण्यांनी तक्रारीला जागा ठेवायची नसते."

नियमानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमाला बीडकडचा एक रिगर, म्हणजे क्रेनला अवजड माल बांधणारा कामगार, आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, हातात पिशवी. सेक्रेटरींनी दारात विचारलं, "फॅमिली आहे का?" त्याने खिशातून फोटो काढला. "ही बगा ना साहेब, माझी फॅमिली. दोन लेकरं हायेत." सेक्रेटरींनी फोटो पाहिला, चांगला निरखून पाहिला आणि परत दिला. "फॅमिली इथं पाहिजे," ते म्हणाले, "फोटोत नाही." तो माणूस फोटो रुमालात गुंडाळून निघून गेला. मी माईक घेऊन आतल्या बाजूला उभी होते. त्या रात्री मी सेक्रेटरींशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई, एकाला सोडलं की नियम उरत नाही." मला त्यांचा इतका संताप आला होता की पुढचा महिनाभर मी त्यांचा फोन घेतला नाही.

मग दोह्यात मोठ्या खेळांची तयारी सुरू झाली, नवी स्टेडियमं उभी राहायला लागली आणि घरभाडी गगनाला भिडली. कंपन्यांनी खर्च छाटायला घेतले. सेक्रेटरींचं कंपनीतलं पद गेलं. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती, म्हणून त्यांना ठेवून घेतलं, पण मेसईदच्या स्टोअरमध्ये आणि फॅमिली स्टेटस काढून. म्हणजे घर बंद, काकू कराडला आणि सेक्रेटरी कंपनीच्या खोलीत आणखी तिघांबरोबर. दोह्यातल्या अल गराफा भागातल्या घरातलं सामान विकताना काकूंनी मला त्यांचा चकलीचा सोऱ्या दिला. "हे तिकडं कुठं चकल्या करणारेत," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

मंडळाची कमिटी तोवर बदलली होती. बँकेतली, आयटीतली तरुण मंडळी, पोरंबाळं इंग्लिशमध्ये बोलणारी, कार्यक्रम मोठे, प्रायोजक मोठे. सेक्रेटरींना निमंत्रण येईनासं झालं. कुणी मुद्दाम वगळलं असंही नाही. ते नियमात बसत नव्हते, एवढंच. मी एकदा फोनवर म्हटलं, सांगू का कमिटीला? ते म्हणाले, "नको. नियम माझाच आहे. नियम करताना माणूस स्वतःला आत धरूनच करतो, सूनबाई."

आणि नेमके तेव्हाच सर आले. लेकीकडे दुबईला आले होते, तिथून दोह्याचं तिकीट स्वस्तात पडलं, म्हणून कमिटीने बोलावलं. मी मेसईदला फोन केला. पलीकडून अडखळत आवाज आला, अगदी शाळेतल्यासारखा, "खु... खुर्ची ठेवा." पहिल्या रांगेत मधली खुर्ची मी धरून ठेवली, तिच्यावर माझी पर्स ठेवली.

कार्यक्रमाची वेळ झाली तरी खुर्ची रिकामी, म्हणून मी बाहेर गेले. सेक्रेटरी लॉबीत उभे होते. तोच करडा कोट, आता खांद्यात सैल झालेला. दारावर कमिटीने दोन तरुण उभे केले होते, त्यांना हा कोण हे ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, फॅमिली? सेक्रेटरी म्हणाले, कराडला. पोरं म्हणाली, सॉरी अंकल. मी त्या पोरांवर ओरडणार इतक्यात सेक्रेटरी हसले. "फोटो आहे खिशात," म्हणाले. "दाखवला नाही."

मी तडक अध्यक्षांना गाठलं. ते प्रायोजक सराफाच्या कुटुंबाला खुर्च्यांवर बसवण्यात गुंतले होते. "वहिनी, नियम त्यांचाच आहे," ते म्हणाले. "आज त्यांना घेतलं तर उद्या मेसईदची आख्खी बस उतरेल. भाषण होऊन जाऊ दे, मग गुपचूप जेवायला बोलावू." जेवायला! ज्या माणसाने आयुष्यभर झाकणं दाबून धरली, तो जेवायला आला आहे असं या गृहस्थांना वाटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी सेक्रेटरींना हाताला धरून आत न्यायला गेले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. "दारातून ऐकतो. सवय आहे," म्हणाले आणि खाली वाकून त्यांनी दाराखाली पत्रिकेची घडी सरकवली. दोन बोटं फट राहिली.

आधी सराफाचा सत्कार झाला, मग लकी ड्रॉ. सेक्रेटरींच्या काळात असली थेरं चालली नसती. सर बोलायला उभे राहिले तेव्हा मेसईदला परतणारी कंपनीची बस सुटायला फार वेळ उरला नव्हता. सर थकलेले होते, पण आवाज खणखणीत. पहिल्याच वाक्याला म्हणाले, "मी इथं एका विद्यार्थ्यासाठी आलोय. दरवर्षी बोलवायचा, मी दरवर्षी टाळायचो. कुठं बसलाय तो?" आणि नाव घेतलं, आईवडिलांनी ठेवलेलं. हॉलमध्ये ते नाव अध्यक्ष आणि मी सोडून कुणाला ओळखू आलं नाही. अध्यक्ष लगबगीने उठले, माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "सर, ते आता नसतात इथं. कायमचे गावी गेले."

मी माईक परत ओढून घेतला. "नाही सर. ते दारात उभे आहेत. आमच्या नियमात बसत नाहीत, म्हणून बाहेर." सगळ्या माना वळल्या. दारावरच्या पोराने दार उघडलं. लॉबीत कुणी नव्हतं. उंबऱ्यापाशी पत्रिकेची घडी तेवढी पडलेली होती.

मी खुर्चीवरची पर्स उचलली आणि धावत बाहेर पडले. नवरा मागोमाग आला, न विचारता त्याने गाडी काढली. त्याबद्दल त्याचे शंभर गुन्हे माफ. बसच्या जागी पोहोचलो तर बस गेलेली. बस चुकू नये म्हणून ते निघाले, असं मी स्वतःला समजावलं. त्या मंडळात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. मंडळाचं काही अडलं नाही. माईकवर दुसरी कुणी आली, तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे म्हणतात.

त्यानंतर सेक्रेटरींनी माझ्याशी फोनवर त्या संध्याकाळचं अक्षर काढलं नाही, आणि मीही त्यांची जखम कशाला उकरा म्हणून गप्प राहिले. निवृत्त होऊन ते कराडला गेले. पुढच्या सुट्टीत मी भेटायला गेले. काकूंनी पोहे केले होते. सेक्रेटरी खूप वाळले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "मी इथं येण्याआधीच सर गेले. भेट राहिली. त्यांनी विचारलं तेव्हा मी दारातच होतो, सूनबाई. ऐकलं सगळं. अध्यक्ष म्हणाले, गावी गेले. म्हटलं, गावी गेलेला माणूस दारात कसा उभा राहील? निघालो." पुढे म्हणाले, "सरांना वाटलं असेल, इतकी वर्षं बोलावलं आणि न भेटता निघून गेला. तेवढंच टोचतं."

मी अक्षरशः ओरडले. "नाही हो! मी सांगितलं सरांना. लगेच, माईकवरून. दारात आहेत म्हणून सांगितलं."

इतके दिवस हा माणूस हे ओझं घेऊन फिरत होता आणि ते उतरवायला एक फोन पुरला असता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मग सेक्रेटरी पुढे सरकले, लहान मुलासारखे. "मग? कळल्यावर सर काय म्हणाले?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांना शोधायला धावले होते. नंतर हॉलमधल्या तीन-चार जणांना मी खोदून विचारलं होतं, कुणाला काही आठवत नव्हतं. तेही मी सेक्रेटरींना सांगितलं. सर बोलत राहिले होते म्हणे, बराच वेळ, पण गोंधळ झाल्यामुळे कमिटीने जेवण सुरू करून टाकलं आणि लोक उठून रांगेत गेले.

"भाषण चालू असताना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो."

"झाकणं उघडली?"

मी मानेनेच हो म्हटलं. ते हळूहळू खुर्चीत मागे टेकले आणि पुढे मी असेपर्यंत त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.