शोरूममधली एकच दोरी

अंबादास म्याकलला समोरून येणारी सिटी बस दिसत नसे, पण त्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या बाईच्या पदरातली तुटलेली तार मात्र दिसे. वर्तमानपत्राला चष्मा, भाजीतले खडे बघायला बायको आणि औषधाच्या गोळीवरची तारीख वाचायला शेजारी लागत. कापड समोर आलं की हाच माणूस घार होई.

लग्नात सगळे नवरी बघत, हा शालू बघे. बघून गप्प बसला असता तरी चाललं असतं. भाचीच्या लग्नात त्यानं आहेराच्या शालूचा पदर उलटा केला आणि वरमाईला सांगितलं, "हितं दोन तारा न्हाईत बघा." तेव्हापासून बहिणीकडून सणाचं आमंत्रण सण झाल्यावर येऊ लागलं. समाजाच्या सत्कार समारंभात तर त्याला शेवटच्या रांगेत बसवायची रीतच पडली. पुढं बसला की सत्कारमूर्तीच्या अंगावर शाल पडायचा अवकाश, हा उठून तिचे काठ चाचपायला हजर.

यात त्याचा काही दोष नव्हता. चौतीस वर्षं तो पॉवरलूमवर उभा होता, एकावेळी चार मागांवर. साध्या मागाची एक खोड असते. आडवा धागा संपला तर तो आपणहून थांबतो, पण ताण्याच्या म्हणजे उभ्या हजारो तारांपैकी एखादी तुटली तर त्याला त्याचं सोयरसुतक नसतं. तो धडधडत पुढं जातो आणि चादरीत हातभर लांब फट पाडून ठेवतो. तिथं माणसानं बघायचं, हात घालून माग थांबवायचा, गाठ मारायची. अंबादासचं आयुष्य या तीन कामांत गेलं.

मग एक दिवस कारखानाच थांबला. ते मात्र आपोआप झालं. माग लोखंडाच्या भावात गेले. ते टेम्पोत चढवायला माणसं कमी पडली, तेव्हा अंबादासनंच खांदा लावला. त्या जागेवर मालकाच्या मुलानं मंगल कार्यालय बांधलं, आणि जिथं अंबादास उभा राहायचा तिथं आता वऱ्हाडी मंडळी हात धुतात.

सत्तावन्नाव्या वर्षी त्याला सोलापुरातच होटगी रोडच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये काम लागलं. पदाचं नाव ‘व्हेईकल केअर असोसिएट’. ते त्यानं घरी तीनदा म्हणून दाखवलं. महेश्वरी, त्याची बायको, म्हणाली, "म्हणजे गाड्या पुसायच्या." घरी दोघं तेलुगूत बोलत, पण अर्थ सगळ्या भाषांत तोच निघाला असता.

महेश्वरी घरी टॉवेलच्या काठांना शिलाई मारायची. वीस वर्षांचा कापसाचा भुगा तिच्या छातीत जाऊन बसला होता, आणि खोकला आला की मशीनच्या टकटकीवर मात करायचा. शोरूममध्ये सहा महिने भरले की अंबादास कायम होणार होता, कायम झाला की ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड मिळणार होतं, आणि कार्ड मिळालं की महेश्वरीची छाती मोठ्या डॉक्टरला दाखवायची होती. खोकल्याच्या प्रत्येक उबळीनंतर तो बोटं मोजून सांगे, "अजून चार महिने." तीही बिचारी त्या हिशेबानं खोकायची.

आता या जपानी कंपनीबद्दल. तिचं नाव सांगायची गरज नाही. सोलापुरात मे महिन्याचं ऊन, शेंगाची चटणी आणि या कंपनीचं इंजिन या तीन गोष्टींवर कुणी शंका घेत नाही. ट्रॅव्हल्सवाले सांगतात, गाडी पाच लाख किलोमीटर पळाली, मालक बदलले, ड्रायव्हर म्हातारे झाले, इंजिनाला हूं नाही की चूं नाही. लग्नाच्या बैठकीत मुलाकडे ही गाडी असली तर त्याच्या पगाराची चौकशी कुणी करत नाही.

पण या नावलौकिकाच्या मुळाशी काय आहे, ते अंबादासला कळलं ट्रेनिंगच्या दिवशी. पुण्याहून वैदेही मॅडम आल्या होत्या. पडद्यावर कंपनीचा इतिहास सुरू झाला. सव्वाशे वर्षांपूर्वी जपानातल्या एका खेड्यात एका सुताराचा मुलगा आईला हातमागावर राबताना बघत होता. एसीच्या गारव्यात सगळे डुलक्या घेत होते. पडद्यावर माग दिसला आणि मागच्या रांगेतला अंबादास उठून उभा राहिला.

त्या सुताराच्या पोरानं पुढं एक अजब माग बनवला. ताण्याच्या प्रत्येक तारेवर पत्र्याची एक बारीक पट्टी अडकवलेली. तार तुटली की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. त्या मागाचे हक्क विलायतेतल्या कंपनीला विकले गेले, आणि त्याच्या मुलानं मोटारींचा कारखाना काढला.

"मॅडम, ते परत दाखवा की."

"कुठलं, काका?"

"पट्टी पडती ते."

मॅडमनी तीनदा दाखवलं. तिसऱ्या वेळी अंबादासनं डोळे पुसले. माणसाची सगळी जवानी जे काम करण्यात गेली, ते पत्र्याचा तुकडा करतो हे बघून हसावं की रडावं हे त्याला ठरवता येईना.

मॅडम पुढं सांगू लागल्या. "हीच रीत आमच्या मोटारीच्या कारखान्यात आली. तिथं डोक्यावर एक दोरी असते. कुणालाही, अगदी झाडणाऱ्यालासुद्धा, दोष दिसला तर त्यानं ती ओढायची. काम थांबतं."

"आणि मग?"

"मग साहेब येतात."

"आणि शिव्या देतात."

"नाही काका. आभार मानतात."

आपण बरोबर ऐकलं का हे बघायला अंबादासनं शेजारच्या सिदूला कोपर मारलं. सिदू मंद्रूपचा, चाळिशीचा, गाड्या धुण्यातला त्याचा जोडीदार. तो डोळे न उघडता म्हणाला, "आभार मानत्यात म्हणं. जपान हाय त्यो. तितं काय बी हुतं."

त्या दिवसापासून अंबादास कंपनीचा कीर्तनकार झाला. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, औषधाच्या दुकानात तो जपानचा इतिहास सांगत सुटला. "ही गाडी म्हणजे आपल्या मागाची लेक हाय," असं तो म्हणे, आणि बॉनेट अशा मायेनं पुसे की गिऱ्हाईकाला वाटे, कंपनीत याचेही शेअर असावेत. महेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांच्या मागातनं मोटार निघाली. आपल्या मागातनं मंगल कार्यालय निघालं." पण कार्डाच्या आशेनं तीही त्या सुताराच्या पोराला दुवा द्यायची.

कायम व्हायला एकोणीस दिवस उरले होते, तेव्हा अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी नऊ गाड्या द्यायच्या होत्या. सगळ्यांत मोठी, पांढरी, मैंदर्गीच्या मडिवाळप्पांची. तुरीचे मोठे व्यापारी, बरोबर भटजी, तीन गाड्या भरून पाहुणे आणि ऐंशी वर्षांच्या मातोश्री मायाक्का. मुहूर्त अकरा वीसचा. गाडीवर साटीनचा पडदा, समोर केक, आणि वर छताला झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेली जाळी. किल्ली दिली की खांबाजवळची दोरी सिदूनं ओढायची आणि फुलांचा पाऊस पाडायचा.

साडेदहाला अंबादास आतून शेवटचा हात फिरवत होता. मधल्या सीटचा पट्टा पुसताना त्याचा अंगठा अडकला. पट्टा म्हणजे तरी काय, विणलेलं कापडच. बाहेरच्या माणसानं काल सीटकव्हर बसवताना पातं चालवलं होतं आणि त्याचं टोक पट्ट्याच्या कडेला लागलं होतं. अंबादासनं मोजलं. अकरा तारा कापल्या गेल्या होत्या.

तो मॅनेजर हृषीकेशकडे गेला. "साहेब, मधला पट्टा बदला. कड कापलीय."

हृषीकेशनं पट्टा ओढून बघितला. "तुटला का? नाही ना."

"आता न्हाई तुटत. ज्या दिवशी जोराचा हिसका बसंल त्या दिवशी तुटंल. ताण आला की कापल्या जागेपासनंच फाटत जातं. चौतीस वर्षं बघितलंय की."

"काका, नवा पट्टा यायला चार दिवस. मुहूर्त पन्नास मिनिटांवर. आणि मला सांगा, मागं बसून पट्टा लावतं कोण?"

मागच्या सीटवर पट्टा लावणारा माणूस जिल्ह्यात सापडला असता तर त्याचाही शाल देऊन सत्कार झाला असता.

"मग त्यांना सांगा तरी."

"सांगू. पहिल्या सर्व्हिसिंगला."

अंबादासनं गप्प बसायचं ठरवलं. एकोणीस दिवस. डोळ्यांसमोर महेश्वरीची छाती आणली, कार्ड आणलं, मोठा डॉक्टर आणला. आणि तो खरंच गप्प बसला, आयुष्यात प्रथमच, जवळजवळ पाऊण तास.

पडदा निघाला. भटजींनी चाकांखाली लिंबं ठेवली. मायाक्कांना मधल्या सीटवर बसवलं, त्यांच्या मांडीवर चार वर्षांची पणती दिली, आणि फोटोग्राफर म्हणाला, "आजी, पट्टा लावा, फोटो भारी येतो." कुणीतरी त्या दोघींच्या अंगावरून तो पट्टा ओढला आणि खटकन लावला.

गाणं जोरात लागलेलं. अंबादासनं "साहेब" म्हटलं, ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. त्यानं वर बघितलं. शोरूममध्ये एकच दोरी होती. त्यानं सिदूला बाजूला सारलं आणि ती ओढली.

पाकळ्या केकवर पडल्या, भटजींच्या ताम्हनात पडल्या, किल्ली घ्यायला अजून हात पुढं न केलेल्या मडिवाळप्पांच्या फेट्यावर पडल्या. सिदूनं घाबरून गाणं बंद केलं. त्या शांततेत अंबादास म्हणाला, "गाडी देऊ नका. पट्ट्याच्या अकरा तारा कापल्यात."

"येन्री इदु, साहेब, हे काय?" मडिवाळप्पा हृषीकेशला म्हणाले. मग स्वतः वाकून त्यांनी पट्टा बघितला, अंगठ्यानं कड चाचपली. धान्य पारखणारा अंगठा तो, त्याला कळलं. त्यांनी वळून अंबादासकडे बघितलं. अंबादासनं कॉलर सारखी केली. आता ते आभार मानायचं होणार होतं.

"भटजी," मडिवाळप्पा म्हणाले, "मुहूर्त किती शिल्लक?"

"सहा मिनिटं."

"मग फुलं परत भरा."

सगळे कामाला लागले. केकवरच्या पाकळ्या चमच्यानं काढल्या, ताम्हनातल्या पिळून घेतल्या. जाळी खाली घेतली, भरली, वर चढवली. अंबादासही गोळा करत होता, कारण ते त्याच्या कामातच बसत होतं. मायाक्का म्हणाल्या की पट्टा गळ्याला टोचतो, तेव्हा तो काढून त्यांच्याच बुडाखाली सरकवला. मुहूर्त टळायच्या आत सिदूनं दोरी ओढली, फुलं दुसऱ्यांदा पडली आणि गाडी अक्कलकोट रोडला लागली.

हृषीकेश ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं अंबादासला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं.

"काका, ती दोरी जपानमध्ये आहे."

"फिल्ममध्ये कुणीही ओढायची म्हणलं होतं की."

"फिल्म ट्रेनिंगसाठी असते, काका." त्यानं एक कागद पुढं केला. "इथं सही करा. युनिफॉर्म सोमवारी धुऊन आणून द्या."

अंबादासनं सही केली. हृषीकेश उठला, हात पुढं केला आणि रोजच्या सवयीनं म्हणाला, "थँक यू, काका."

बाहेर उन्हात उभं राहिल्यावर अंबादासच्या लक्षात आलं की सगळं फिल्ममधल्यासारखंच झालं. दोरी ओढली, काम थांबलं, साहेब आले, आभारही मानले.

दुपारी दोनला तो घरी पोचला. महेश्वरीनं मशीन न थांबवता बघितलं आणि तिला कळलं. तरी त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, अगदी जपानपासून. मध्ये दोनदा तिला उबळ आली, तेवढा तो थांबला. या वेळी त्यानं बोटं मोजली नाहीत.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुमच्या त्या सुताराच्या पोराचा माग. तार तुटली की आपण होऊन थांबायचा म्हणता."

"व्हय."

"मग परत चालू कोण करायचं?"

अंबादासनं खूप आठवून बघितलं. "ते फिल्ममध्ये न्हवतं," तो म्हणाला.

ती पुन्हा शिलाईला लागली. हाताला काम हवं म्हणून त्यानं ढिगातला एक टॉवेल उचलला आणि दाराच्या उजेडात धरला. अगदी मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक तार नव्हती. त्यानं टॉवेलाची नीट चौपदरी घडी घातली आणि तो चांगल्या मालात ठेवून दिला.