एका माणसाची पंगत

आमच्या गडाच्या पदयात्रेत देवीच्या आधी जेवणारी एकच बाई होती, आणि तिला वाढायचो मी. लोणीच्या आक्का. बाकीची माणसं त्यांना ‘पहिली पंगत’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. आरती अजून व्हायची असे, नैवेद्याचं ताट झाकलेलं असे, मंडळी पाय चेपत बसलेली असत, आणि आक्का सामानाच्या टेम्पोमागे गोणपाटावर बसून भाकरी मोडत असत. शे-दीडशे माणसांचा जथा, पण रोज संध्याकाळी आधी त्या एका माणसाची पंगत उठायची.

दर चैत्रात खोडदहून देवीची पालखी पायी सप्तशृंगीच्या गडावर जाते. मी टोमॅटोवाला माणूस, पण मोठ्या पातेल्यातला मिठाचा अंदाज मला बरा, म्हणून कुणीतरी एकदा हातात झारा दिला तो अजून सुटलेला नाही. गावामागच्या दुर्बिणीच्या तबकड्यांजवळून पालखी निघते, नारायणगावात चहा होतो आणि आळेफाट्याला पहिला मुक्काम पडतो. चालणारे बहुतेक आमच्याच पंचक्रोशीतले, एकमेकांची भांडणंसुद्धा पाठ असलेले. त्यात आंबेगाव तालुक्यातल्या लोणीची बाई एकटीच येऊन उभी राहिली, हे लोकांना आधीच जरा खटकलं होतं.

चाळिशीची, उंच, वाळकी बाई. डोक्यावर पदर, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं छोटं मडकं. आमच्यात ही वाट अनवाणी चालायची रीत आहे, त्यामुळे बायकांनी आधी बूट पाहिले आणि मग आक्कांना. मडक्यात तीर्थ असेल असं वाटून एका म्हातारीनं हात जोडले. आक्का म्हणाल्या, “औषध हाय त्यात, इन्सुलिन. उन्हानं नासतं. फ्रिज काय डोक्यावर घिऊन चालता येत नाय.” म्हातारीनं हात तसेच खाली सोडले.

शाळेत असताना चक्कर येऊन पडल्या तेव्हापासून आक्कांना सुई लागली होती. गोळीवर भागणारी शुगर वेगळी आणि ही वेगळी, हे त्यांनी मला भाजी चिरता चिरता समजावलं. जेवणाआधी अर्धा तास सुई घ्यायची, आणि एकदा घेतली की जेवण आलंच पाहिजे. उशीर झाला तर तेच औषध जिवावर उठतं, त्यात दिवसभर चाललेलं अंग. मी मान डोलावली. आळेफाट्याला त्यांनी पंगतीला किती वेळ आहे म्हणून विचारलं, मी अर्धा तास म्हणालो, आणि त्या टेम्पोमागे जाऊन सुई घेऊन आल्या.

त्या दिवशी ज्यांच्या अंगणात मुक्काम होता त्यांचा मुलगा पुण्याहून निघाला होता. आरती त्याच्या हातून करायची, म्हणून सगळे थांबले. मुलगा चाकणच्या गर्दीत अडकला. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्यात घास मोडत नाहीत, पोरंसुद्धा नाहीत. अखेर गाडी आली, आरती सुरू झाली, झांजा वाजायला लागल्या आणि बायकांच्या घोळक्यात आक्का घुमायला लागल्या. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते, नजर कुठंच ठरत नव्हती आणि तोंडातून धड शब्द फुटत नव्हता.

झालं. देवी अंगात आली म्हणून गलका उठला. कुणी मळवट भरला, कुणी केस मोकळे सोडले. डेअरीवाले शंकरराव पालखीपुढं निशाण घेऊन चालणारे, अंगानं भारदस्त, त्यांनी तर सरळ लोटांगण घातलं आणि पोरीच्या लग्नाचं कधी जमेल म्हणून विचारलं. आक्का पुटपुटत होत्या, “साखर... साखर...” देवी साखर मागते म्हटल्यावर बायकांनी ओटीची साखर मुठीमुठीनं त्यांच्या तोंडात भरली. मी झारा टाकून धावलो तोवर अर्धी वाटी पोटात गेली होती. मी गुळाचं पाणी पाजलं आणि हळूहळू थरथर थांबली.

गप्प बसल्या असत्या तर गडापर्यंत लोकांनी त्यांचं पाऊल जमिनीला लागू दिलं नसतं. पण आक्कांनी पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं, शंकररावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “भाऊ, देवी नाय आली. शुगर उतरली व्हती माझी. पाया पडू नका, मला पाप लागंल.”

लोकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. आजारी बाईच्या पाया पडलो याची लाज सगळ्यांनाच वाटली आणि ती लाज त्यांनी आक्कांवर काढली. मघाशी मळवट भरणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी त्यांच्यापासून दोन हात लांबून चालू लागल्या. सगळ्यात जास्त अपमान शंकररावांना झोंबला. ‘पहिली पंगत’ हे नाव त्यांनीच काढलं.

आक्कांना वेळेवर ताट मिळालं नाही तर पुढच्या मुक्कामाला मढं न्यावं लागेल, असं मी पदयात्रा नेणाऱ्या बुवांना जाऊन स्पष्ट सांगितलं. बुवा माणूस वाईट नव्हता, रीतीला घाबरणारा होता. नैवेद्याचं आधी काढून ठेवावं, मग बाईला वाढावं, पण पालखीच्या नजरेआड, असा त्यांनी निकाल दिला. म्हणून टेम्पोमागची जागा. दिवेलागणीला मी गोणपाट अंथरायचो, ताट ठेवायचो, आणि आक्का यायच्या.

पुढच्या वर्षांत त्या गोणपाटाच्या अगदी कडेला बसू लागल्या. अर्धं अंग मातीत, बाकी गोणपाट रिकामं. मी चिडवायचो, आक्का, गोणपाट माझंच आहे, भाडं घेणार नाही, ऐसपैस बसा. “राहू द्या दादा, बरं पडतं असं,” एवढंच म्हणत. मला वाटे, परक्या ठिकाणी अंग चोरून बसायची सवय लागली असेल. जेवताना बोलत नसत. पलीकडे लोकांचं हसणं चाललेलं असे, आणि इकडे एक बाई खाली मान घालून जेवत असे. मला पातेल्याकडे परतायची घाई असायची, तरी माझा पाय निघत नसे. फार वाईट वाटायचं, आणि वाढण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

मला म्हणायच्या, “भूक लागली म्हणून म्या जेवत नाय दादा. येळ झाली म्हणून जेवते. भूक लागल्यावर जेवायचं कसं आसतं ते इसरले मी.” रस्त्यात नळ दिसला की त्या मडक्याचं फडकं भिजवत. टपरीवर लोक चहाला थांबले की त्या बोट टोचून यंत्रात शुगर बघत. चालताना शुगर जळते म्हणून पदयात्रेत औषध कमी घेत, तरी कमरेच्या पिशवीत गुळाचे खडे आणि बिस्किटं कायम. बूट काढून तळवे रोज उजेडात धरून पाहायच्या, कारण पायाला काटा टोचला तरी त्यांना कळत नसे. एवढं सगळं सांभाळून ही बाई दर वर्षी का येते, हे मला कोडं होतं.

एकदा विचारलं. तेव्हा कळलं की वडील मेंढरं राखायचे आणि लहानपणी आक्का कळपामागं रानोरान फिरलेल्या. पुढं भावानं मेंढरं विकून शेती धरली. आक्कांना स्थळं आली, पण चहाचे कप हातात पडायच्या आधीच त्या स्वतः सुईचं सांगून टाकत. पावणे चहा पिऊन जात ते परत येत नसत. मग स्थळंच यायची थांबली. भावाच्या घरी कुणी वाईट वागवत नव्हतं, पण चार माणसं जमली की आवाज खाली करून त्यांचाच विषय निघे. “घरात म्या आजारी आसते,” त्या म्हणाल्या, “हितं म्या चालते.”

एका वर्षी चंदनापुरीच्या घाटात शंकरराव निशाण दुसऱ्याकडे देऊन कठड्यावर बसले. घामानं डबडबलेले. ऊन लागलं म्हणत होते. मागून येणाऱ्या आक्का थांबल्या, पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या हातात कोंबला आणि पुढं निघून गेल्या. त्याच संध्याकाळी शंकररावांनी माझ्याकडं पाहत मोठ्यानं विचारलं, “काय राव, पहिली पंगत उठली का?” लोक हसले. मला त्यांच्या अंगावर आमटी ओतावीशी वाटली.

गडाच्या पायऱ्या आक्का मोजे घालून चढत. शेवटच्या वर्षी त्यांनी पायथ्याशी बूट काढले, आणि मग मोजेही काढले. चैत्रातली दुपार, दगड तापलेला. मी आडवा गेलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “यवढ्या वर्षांत एकदा तरी सगळ्यांसारखं जाऊ द्या की.” त्यांचं ते हसणं पाहून मी बाजूला झालो. वर दर्शन झालं. महाप्रसादाच्या पंगतीत त्या बायकांच्या रांगेत मध्ये बसून जेवल्या, आणि दोन्हीकडच्या बायका त्यांच्याशी बोलत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उठून हात धुवायला गेल्या तेव्हा फरशीवर त्यांच्या पावलांचे ओले ठसे उमटत होते. दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते, आणि आक्कांना पत्ता नव्हता.

ती जखम भरली नाही. पावसाळ्यात बोटं काढली, नंतर अर्धं पाऊल. पुढच्या चैत्रात आक्का आल्या नाहीत.

आळेफाट्याला दिवेलागणीला सवयीनं माझे हात गोणपाटाकडे गेले. ते घडी घालून ठेवत होतो तेवढ्यात टेम्पोमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. शंकरराव. इकडंतिकडं पाहून त्यांनी खिशातून पेनासारखी सुई अर्धी वर काढून दाखवली आणि परत आत ढकलली. “आचारी, मलाबी आधी वाढशील का? आता सोसत नाय.” कधीपासून, मी विचारलं. बरीच वर्षं झाली होती. आधी गोळ्या, मग सुई. दोन पोरींची लग्नं व्हायची होती, बापाला शुगर म्हटलं की सोयरीक मोडते, म्हणून घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. रोज नैवेद्य होईपर्यंत पेढे चोरून खाऊन ते तग धरत आले होते. आक्का पलीकडे एकट्या जेवत होत्या, तेव्हाही. मी गोणपाट परत अंथरलं.

पदयात्रेहून आल्यावर प्रसाद घेऊन लोणीला गेलो. आक्का ओट्यावर बसल्या होत्या, पायावर गोधडी ओढलेली. मला पाहून उठायला गेल्या आणि मग पाय आठवून बसून राहिल्या. मी शंकररावांचं सगळं सांगितलं. वाटलं, चकित होतील, निदान दोन शब्द वाईट बोलतील.

“मला म्हाईत व्हतं,” आक्का म्हणाल्या. “घाटात त्याचा हात धरला तवाच कळलं. तसा घाम उन्हाचा नसतो.”

मला राग आला. तो तुमची थट्टा करायचा, एका शब्दानं त्याचं तोंड बंद झालं असतं, मग बोलला का नाहीत, म्हणून मी त्यांनाच फैलावर घेतलं. आक्कांनी प्रसादाची पुडी कपाळाला लावली.

“ज्याची सुई त्यानं सांगायची आसती दादा. पोरी हायेत त्याला.” मग म्हणाल्या, “म्हणून तर म्या कडंला बसायची. म्हटलं, आला कधी तर त्याला जागा आसावी.”

 आक्कांच्या वहिनींनी बिनसाखरेचा चहा आणला, तो प्यालो आणि निघालो. दिवाळीच्या आधी आक्का गेल्याचा फोन आला. लोणीच्या ओढ्याकाठी मातीला आमच्या पदयात्रेतून मी एकटाच गेलो होतो. नाही, चुकलो. शंकरराव आले होते, पण लांब, बाभळीखाली उभे होते.

यंदाच्या चैत्रात आळेफाट्याला पुन्हा गोणपाट अंथरलं. पलीकडे आरतीची तयारी चालली होती. शंकरराव आले, लोकांकडे पाठ करून गोणपाटाच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसले. थोरलीचं लग्न झालंय, धाकटीचं व्हायचंय, अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी ताट ठेवलं, भाकरी वाढली. मग राहवेना.

“भाऊ,” मी म्हणालो, “जरा कडंला सरकून बसा.”