मिस्त्रींच्या लेथचा बाजार

ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्यांची मी गोधडी करते. किस्स्यांचं काय करायचं ते कळत नाही. त्यातून ते साड्यांचे, सासवांचे असते तर चार बायकांत खपले असते. माझे सगळे लोखंडाचे! सांगायला लागले की बायका टाचण्या टोचल्यासारखं तोंड करतात. तुम्ही तरी ऐका.

आमचे हे साखर कारखान्यात टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथ मशीनवर लोखंड फिरवून त्याला हवा तो आकार देणारा माणूस. अख्खं पाटोदा त्यांना मिस्त्री म्हणतं, म्हणून मीही म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायची अडचणच मिटली! रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं लेथ बसवलं. पूजा केली, नारळ फोडला, आणि तिसऱ्याच महिन्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

पाय सावरला, काठी आली. बोलणं एकेका शब्दावर आलं. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, "हाताला काम द्या, परत येईल. नाही दिलं तर असाच राहील." काम तर शेडमध्ये उभंच होतं. पण मिस्त्री मशीनला हात लावीनात. रोज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि मी काही बोलले की म्हणायचे, "सामान... नाही." मग डाव्या हातानं वेडीवाकडी चिठ्ठी लिहून माझ्या हातात द्यायचे. एवढं आलं की मशीन सुरू, असं ठरायचं. आणि सामान आणणार कोण? मीच!

* * *

पहिल्या दिवशी बाजारात हारुणभाईंच्या दुकानात गेले. पाने, कानशी, ड्रिल, नटबोल्ट, सगळं तिथं मिळतं. गळ्यात टेप तसाच राहिला होता. हारुणभाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"भाभी, सिलाई मशीनचं सामान पल्याडच्या गल्लीत मिळतंय."

"मला लोखंडाला भोक पाडायचं ड्रिल पाहिजे," मी म्हटलं.

"किती सुताचं?"

त्यांना वाटलं, आता बाई गडबडणार. पण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे टेलरला कोण सांगणार? आमचं सगळं आयुष्य सुतात गेलं! मी टेप काढला, चिठ्ठीतले बारा एमएम त्यावर बघितले आणि म्हटलं, "चार सूत."

हारुणभाई खुर्चीवरून उठले. "अरे, ही तर आपल्याच लाइनची निघाली!" म्हणत त्यांनी मला स्टूल दिलं, चहा सांगितला.

घरी आले ती ऐटीतच. मिस्त्रींनी डाव्या हातानं ड्रिल मोजलं, डोळे बारीक केले. "पॉइंट... सात... जास्त."

"तेवढं ब्लाउजमध्ये चालतं हो!" मी म्हटलं.

आणि मिस्त्री हसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदाच. अर्धाच चेहरा हसला, पण हसला. मी ते चार सुताचं ड्रिल परत केलं नाही. अजून देवघरातल्या फळीवर आहे.

* * *

मग ग्राइंडरचा दगड. लेथवर लोखंड कापणारं पातं म्हणजे टूल, त्याला धार लावतात तो, गोल. चिठ्ठी देऊन झाल्यावर मिस्त्रींनी स्टीलचा पेला उचलला आणि चमच्यानं वाजवायला लागले. मी चहा आणून दिला. त्यांनी मान हलवली, परत पेला वाजवला. मी साखर वाढवून आणली. तेव्हा चिडून त्यांनी चिठ्ठीतल्या 'दगड' या शब्दावर चमचा आपटला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. दगड वाजवून घ्यायचा!

दुकानात मी एक-एक दगड बोटात अडकवला आणि कानशीच्या लाकडी मुठीनं हळूच वाजवला. ठण्. ठण्. ठण्. बाजारहाटाला आलेली माणसं थांबून बघायला लागली.

"भाभी, दगड घेताय का माठ?" हारुणभाई म्हणाले.

"माठ फुटका निघाला तर पाणी सांडेल. हा फिरताना फुटला तर कपाळ!"

सगळे हसले. सातवा दगड मात्र ठण् वाजला नाही. ठप्प वाजला, म्हणजे आत चीर. हारुणभाईंचं हसू गेलं. त्यांनी तो दगड माझ्या हातातून घेतला, स्वतः वाजवून बघितला, बाहेर नेला आणि हातोडीनं फोडून टाकला. आत येऊन म्हणाले, "कुणाच्या तरी घरी गेला असता."

त्या दिवसापासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दगड वाजवून देतात. कुणी विचारलं तर सांगतात, "मिस्त्रीबाईंचा कायदा हाय!"

* * *

वाईसचा किस्सा बसमधला. वाईस म्हणजे टेबलाला ठोकायचा, लोखंड घट्ट धरून ठेवणारा जबडा. मिस्त्रींना जुनाच पाहिजे होता, जड, ओतीव. हारुणभाईंनी बीडच्या भंगारवाल्याकडे एक हेरून ठेवला. जबड्याला चरा पडता कामा नये, ही मिस्त्रींची ताकीद. म्हणून मी घरून गोधडी नेली, वाईस तिच्यात नीट गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायचे.

शेजारची म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं विचारलंच.

"लई गप हाय गं लेकरू. किती महिन्याचं हाय?"

मी दमले होते, खरं तेच बोलले. "तीस वर्षांचं तरी असेल."

म्हातारी उठली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली!

पाटोद्याला उतरताना कंडक्टरनं मायेनं हात पुढे केले. "द्या मावशी, बाळाला मी घेतो." घेतलं, आणि गुडघ्यापर्यंत वाकला. "आई गं! ह्याला काय खायला घालता ओ?"

* * *

कूलंटचं एवढंसंच आहे. लोखंड कापताना तापू नये म्हणून ते तेल पाण्यात मिसळून सोडतात. मिसळलं की पांढरंशुभ्र होतं. मी अंगणात बादलीत ढवळत बसले होते. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "अगं बाई, एवढं दूध नासलं?"

"नाही गं, मशीनसाठी आहे."

संध्याकाळी तिनं ताटात वाढून पुरणपोळी पाठवली. मला वाटतं, मिस्त्रींबरोबर माझ्याही डोक्यावरून वारं गेलं, असं तिला वाटलं असावं.

* * *

व्हर्निअरचा किस्सा मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगते.

व्हर्निअर म्हणजे अगदी केसाएवढा फरक दाखवणारी मापपट्टी. ती आणली तेव्हा मिस्त्री आठवडाभर घरातलं सगळं मोजत बसले. माझ्या बांगड्या, पोळपाटाची जाडी, बिस्किटं. मशीन सोडून सगळं.

मीही एक माप घेत होते, चोरून. दुपारी त्यांचा डोळा लागला की टेप काढायचा आणि दोन्ही हातांची मनगटाच्या वरची मापं घ्यायची. ब्लाउजच्या बाहीची घेतात तशीच. उजवा हात डाव्यापेक्षा अर्ध्या इंचानं बारीक झाला होता. पुढच्या महिन्यात पाऊण इंच. वहीत बायकांच्या मापांमध्येच लिहून ठेवायचे, नाव न घालता. शिवणकामात कमी झालेलं माप बघून मला कधी रडू आलं नव्हतं. तेव्हा यायचं.

एकदा टेप त्यांच्या हाताभोवती असतानाच मिस्त्रींनी डोळे न उघडता म्हटलं, "टेपनं... नको. व्हर्निअर... घे."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं!

* * *

त्यानंतरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कानस, बारा इंची.'

हारुणभाईंनी चिठ्ठी वाचली, परत वाचली. "भाभी, बारा इंची कानस तिसऱ्या बारीला नेताय. झिजल्या का पयल्या दोन?"

"झिजायला वापरल्यात कुठं?" मी म्हटलं. "द्या तुम्ही."

हारुणभाईंनी कानस फळीवरून काढली, पुसली, आणि परत फळीवर ठेवली. "न्हाई देत."

"का?"

"लेथ हाय, वाईस हाय, दगड हाय, ड्रिल हाय, टूल हाय. कूलंट बी हाय. आख्ख्या तालुक्यात एवढं सामान कुणाच्या घरी न्हाई. जा, मिस्त्रीला माझा सलाम सांगा. म्हणावं, हारुणच्या दुकानात तुला द्यायला आता काय बी उरलं न्हाई."

मला राग आला. भर बाजारातून तोंडावर पदर घेऊन चालत आले. डोळे भरले होते आणि रागही त्या माणसाचा नव्हताच. तो खरं बोलला होता. मिस्त्रींना सामान नको होतं. मशीन सुरू केलं आणि हात चालला नाही, तर काय, हीच भीती होती. जोपर्यंत काहीतरी आणायचं बाकी आहे, तोपर्यंत हात गेला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. घरी येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला. मिस्त्रींनी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस चिठ्ठी नाही, शब्द नाही.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास शेजारच्या वस्तीवरचा नामदेव आला. हातात कडबाकुट्टीचा फुटका बूश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते धातूचं नळकांडं. कडबाकुट्टी म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्र, आणि त्याच्याकडे आठ म्हशी.

"मिस्त्रीकाका, एवढा बूश करून द्या. बीडला जाऊस्तोवर दिस जातोय. म्हशी सकाळधरनं वरडायल्यात."

मिस्त्रींनी मान हलवली. उजवा हात डाव्या हातानं उचलून दाखवला आणि परत मांडीवर ठेवला. नामदेव ओशाळला. "असू द्या काका," म्हणून वळला.

"थांबा," मी म्हटलं. "मी करते."

"काकू, तुमी?"

"तुम्ही ओट्यावर बसा. पाणी देते."

पाणी दिलं आणि शेडमध्ये आले. मिस्त्री बघत होते. मी फळीवरून गनमेटलचा, म्हणजे पितळेसारख्या धातूचा, तुकडा घेतला आणि चकमध्ये घातला. चक म्हणजे लेथचा पंजा, तो लोखंड पकडून गरगर फिरवतो. त्याचे दात एका मोठ्या चावीनं आवळावे लागतात. तुकडा मी वाकडाच पकडला. मिस्त्रींच्या घशातून आवाज आला. मी लक्ष दिलं नाही. टूल लावलं, तेही तिरकं. मिस्त्रींची काठी जमिनीवर आपटायला लागली. मी चक आवळला, चावी चकमध्येच राहू दिली आणि हिरव्या बटणाकडे हात नेला.

"चावी!"

एवढा स्पष्ट शब्द मी वर्षभरात ऐकला नव्हता. लेथवर पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे ही चावी. ती चकमध्ये राहिली आणि मशीन फिरलं, तर गोळीसारखी सुटते आणि समोरच्याचं डोकं फोडते. मिस्त्री काठी टाकून कसे आले, ते मला दिसलंच नाही. माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं. पकड अशी की बांगडी पिचली. खाली बघितलं तर तो उजवा हात होता.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मरशील... ना!" ते म्हणाले. मग खांद्यानं मला बाजूला केलं.

"सरक."

मी सरकले. त्यांनी चावी काढली, तुकडा सोडवला, सरळ धरला, परत आवळला. डावा हात जोर लावत होता, उजवा त्याच्यावर नुसता ठेवलेला. टूल सरळ केलं. चावी खिशात टाकली. उजवा हात टूल सरकवायच्या हँडलवर नेला आणि बोटं एकेक करून त्याच्याभोवती बसवली. घाम गळत होता. माझ्याकडे बघितलंही नाही. मग डाव्या अंगठ्यानं हिरवं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

परत दाबलं. मशीन थंड. त्यांनी वायर बघितली, प्लग बघितला. मग मान वर करून भिंतीवर बघितलं. शेडचं मेन स्विच खाली पाडलेलं होतं.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी पदरानं हात पुसले, भिंतीपाशी गेले आणि मेन वर केलं.

मशीन फिरायला लागलं. पिवळाधमक कीस उडून त्यांच्या सदऱ्यावर पडायला लागला. मी ओट्यावर आले. नामदेव उभाच होता.

"लाइट गेलती का, काकू?"

"गेलती," मी म्हटलं. "आली आता."