काकूंनी वाचलेलं ‘ओके’

माझ्या वडिलांची, अण्णांची नजर अधू झाल्यापासून शेजारच्या सुमनकाकू त्यांच्या मोबाइलवरून मला निरोप लिहितात आणि माझं उत्तर त्यांना वाचून दाखवतात. माझं उत्तर ठरलेलं. गुडघा दुखतोय, ओके. फणसपोळी पाठवली आहे, ओके.

परवा न कळवता गावी गेलो. दारातच काकूंचा आवाज कानी आला.

“गरम पाण्यानं शेका म्हणतोय. हयगय करू नका म्हणतोय.”

“आणि फणसपोळी?”

“फार गोड होती म्हणे.”

तो डबा मी अजून उघडलाही नव्हता.

“एवढ्या कामात किती लिहितो बघा,” अण्णा म्हणाले.

त्या दोन अक्षरांत एवढं मावतं? मी तर त्यात काहीच ठेवलं नव्हतं.

काकूंनी मला पाहिलं आणि हळूच मोबाइल पालथा ठेवला.