न नेलेल्या बांगड्या

लालबागला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मुलीचं लग्न ठरलं त्या वर्षी सोन्याचा भाव रोज नवा कळायचा. मुलाकडच्यांनी काहीच मागितलं नव्हतं. हट्ट होता माझ्या सासूबाईंचा. नातीच्या हातात चार पाटल्या हव्यातच. गिरणी बंद पडली तेव्हा स्वतःच्या पाटल्या मोडून त्यांनी घर चालवलं होतं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं.

लग्नाआधी मी पंधरा दिवस दुबईला धाकट्या बहिणीकडे गेले. निघायच्या दिवशी दुपारी तिच्या नवऱ्याने माझ्यापुढे डबा ठेवला. आत सोन्याच्या आठ बांगड्या. पूर्ण बाह्यांच्या ड्रेसखाली त्या घालून मी मुंबईत उतरायचं. विमानतळाबाहेर एक माणूस सहा घेऊन जाईल, उरलेल्या दोन माझ्या. कर नाही, पावती नाही.

“ताई, कितीतरी बायका नेतात. कोण विचारतंय?” तो म्हणाला.

मी घालून बघितल्या. खोटं कशाला सांगू, हात सुरेख दिसत होते. पण वीस वर्षं पोळ्या लाटून माझे सांधे जाड झालेत. काढायला साबण लावावा लागला. बेसिनपाशी उभी राहून एकेक उतरवताना मनात आलं, उद्या मुलीने विचारलं, आई, या कुठून आणल्यास, तर काय सांगणार? आठही पुसल्या आणि डब्यात ठेवल्या.

“मी नेणार नाही. माझ्या मुलीचं मी माझ्या हाताने करेन.”

त्याने डबा उचलून आत नेला. विमानतळावर सोडायलाही आला नाही. बहीण टॅक्सीतून आली.

मुंबईत कस्टमवाल्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बांगड्यांच्या गोष्टीसकट हे मी घरी सांगून बसले. सासूबाई म्हणाल्या, “कोणी इचारूक नाय मां? मगे आणलंस कित्याक नाय?” त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दिवाळीला मी करंज्या-चकल्यांच्या दुप्पट ऑर्डरी घेतल्या. बोटांना तेलाचे चटके बसले, पाठ धरली, पण एकही ऑर्डर परत केली नाही. मग मुलीला बरोबर घेऊन सराफाकडे गेले आणि रीतसर पावती घेऊन दोन पाटल्या केल्या. सासूबाईंनी त्या तळहातावर तोलून पाहिल्या. हलक्या आहेत म्हणाल्या, आणि लग्नाच्या सकाळी स्वतःच नातीच्या हातात चढवल्या.

दादरच्या हॉलवर मुलाच्या आत्याने मुलीचं मनगट धरून विचारलं, “दोनच?”

“दोनच,” मी म्हटलं, आणि त्यांना जेवायला पानावर घेऊन गेले.

बहीण लग्नाला एकटी आली होती. तिचा नवरा अजून माझ्याशी फोनवर बोलत नाही.