शिरियसु

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्यासुद्धा नाही — ती जाईपर्यंत नाही.

परवा इथं परदेशात, आंग मो किओ भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नात इथल्या ढंगात सहज म्हणाली, "आजोबा, यू सिरीयस आह?" मी उठून कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. एका शब्दाला माणूस घाबरतो का? मी घाबरतो.

तुआसच्या जहाजांच्या यार्डात मी वेल्डर होतो. शिक्षण चौथी, तीही रडतखडत — पण इंग्रजी फाडफाड! सगळे 'मास्टर' म्हणायचे. आवडायचं मला, खोटं कशाला बोलू? जोडीला पार्क, कोरियाचा. जेवणाच्या सुट्टीत रोज माझ्याकडून एक शब्द शिकायचा, खडूनं हातमोज्यावर लिहायचा. काय दिवस होते ते! कँटीनमध्ये लिन नावाची मुलगी दाट दुधाची कॉफी द्यायची. पार्कचा जीव तिच्यावर.

एकदा तिनं त्याला विचारलं, "यू सिरीयस?" तो धावत माझ्याकडे. "मास्टर, शिरियसु — वॉट?"

आमच्या गावात सिरीयस एकच — ज्याच्या नातेवाइकांना डॉक्टर बोलावून घ्यायला सांगतो, तो. मी मान टाकून, डोळे फिरवून दाखवलं. पार्क पोट धरून हसला. तसाच गेला आणि छाती ठोकून तिला म्हणाला, "नो, नो! आय नॉट शिरियसु!"

लिन त्याच्याशी बोलेनाशी झाली. का, ते त्याला कळेना.

चार दिवसांनी इंजिनीयर साहेब आमच्यावर ओरडले, "सेफ्टीबद्दल सिरीयस व्हा जरा!" — आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पार्क शेजारीच उभा होता. बोललो का मी? मास्टर ना मी!

पण एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो.

पुढं लिननंच मला हळूच विचारलं, "अंकल, युअर फ्रेंड से नॉट सिरीयस... ही जोकिंग, इज इट?" हो म्हटलं असतं तर ती पार्ककडे गेली असती, शब्द निघाला असता, शब्दामागून माझं नाव — आणि सारं यार्ड मास्टरला हसलं असतं. मी म्हणालो, "नो जोक लाह. ही से ट्रू."

तिनं टेबल पुसलं. माझी कॉफी ठेवली. मी ती प्यायलो.

महिन्याभरात पार्क कायमचा मायदेशी गेला. निघताना कमरेत वाकून म्हणाला, "थँक यू, मास्टर."

आणि मी — मी ते घेतलं.